जुन्या मोटारगाडीच्या पुढील सस्पेन्शनमधील आवाज : निदानाची शास्त्रीय रीत

मोटारगाडी जुनी झाली की तिच्या पुढील चाकांच्या बाजूने नाना प्रकारचे आवाज येऊ लागतात. खड्ड्यावरून जाताना 'टक्' असा एकच ठोका पडतो, फरसबंदीवर सतत खडखड होते, वळणावर घरघर वाढते, आणि उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरविताना करकर ऐकू येते. आवाज आला म्हणजे काहीतरी झिजले आहे एवढे कळते. काय झिजले आहे हे मात्र कळत नाही. अशा वेळी एकामागून एक भाग बदलीत जाण्याची पद्धत सर्रास रूढ आहे. तिच्यात पैसा तर वाया जातोच, पण एक अधिक गंभीर अनर्थही संभवतो : कानाला त्रास देणारा निरुपद्रवी भाग बदलला जातो, आवाज थांबतो, आणि खरोखर धोक्याचा भाग तसाच गाडीत राहतो. आवाजाचा मोठेपणा आणि दोषाचे गांभीर्य ह्यांचे प्रमाण जुळत नाही. असे का घडते, आणि मग निदान कशाच्या आधारे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणातील रचना

विवेचनासाठी एक ठरावीक गाडी समोर असणे सोयीचे आहे. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ह्या नावाने तयार केलेली व पुढे 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून प्रसिद्ध झालेली गाडी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांकडे अशा गाड्या अद्याप चालू स्थितीत आहेत. तिचा मूळ आराखडा १९५३ च्या इटालियन फियाट ११००-१०३ चा होय. तिच्यात स्वतंत्र चौकट नसून पत्र्याचे कवच हाच गाडीचा सांगाडा आहे. पुढील प्रत्येक चाक एक वर व एक खाली अशा दोन भुजांनी धरलेले असते. भार मळसूत्री स्प्रिंगवर येतो, स्प्रिंगची आंदोलने शॉक-ॲब्सॉर्बर शमवितो, आणि वळणावरील झुकाव कमी करण्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार असतो. चाक ज्या स्टब ॲक्सलवर फिरते तो किंग पिनभोवती वळतो, व त्याला वळविण्याचे काम टाय-रॉड करतो.

रचनेचे हे ज्ञान निदानाची पहिली अट आहे. अँबॅसडर गाडीच्या पुढील बाजूस मळसूत्री स्प्रिंग नसून पीळ घेणारी पोलादी दांडी असते. तेथे 'स्प्रिंगचा वेढा तुटला असावा' हा संशयच उद्भवत नाही. कोणते भाग आहेत हे माहीत असल्याविना संशयितांची यादी करता येत नाही.

कान का फसतो

आवाज कोठून येतो हे ओळखताना मनुष्याचे कान दोन गोष्टींवर विसंबून असतात : दोन्ही कानांशी आवाज पोचण्याच्या वेळांतील फरक आणि त्याच्या तीव्रतेतील फरक. वेळेतील हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे ०.७ सहस्रांशाइतकाच असतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पोलादात तो सुमारे ५,००० मीटर आहे. भुजेच्या सांध्यात पडलेला ठोका पत्र्याच्या कवचातून क्षणार्धात सर्वत्र पसरतो, आणि मग तळाचा पत्रा, पुढची आडवी भिंत व दरवाजे हे सर्वच ध्वनी बाहेर टाकू लागतात. चालकाच्या कानी येतो तो ह्या मोठ्या पृष्ठभागांचा आवाज. मूळ सांध्याचा नव्हे. उजव्या बाजूचा दोष डाव्या बाजूस ऐकू येतो तो ह्यामुळेच. सारांश, 'आवाज कोठून येतो' हा प्रश्न निदानाच्या आरंभी फारसा उपयोगी नाही. 'आवाज केव्हा येतो, आणि केव्हा येत नाही' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

आवाजाचे तीन प्रकार

पुढील बाजूचे बहुतेक आवाज उत्पत्तीच्या दृष्टीने तीन वर्गांत मोडतात.

पहिला वर्ग आघाताचा. दोन भागांमध्ये झिजेमुळे ढिलाई निर्माण होते. भाराची दिशा उलटली की एक भाग ती पोकळी ओलांडून दुसऱ्यावर आदळतो. 'टक्', 'खट्', 'खडखड' हे आवाज ह्या वर्गातील होत. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, ठोका पडण्यास केवळ ढिलाई पुरेशी नाही. भार उलटावा लागतो.

दुसरा वर्ग घर्षणाचा. कोरड्या पडलेल्या पृष्ठभागांमध्ये स्थिर घर्षण हे गतिमान घर्षणापेक्षा अधिक असते. त्यामुळे भाग काही काळ चिकटून राहतो, ताण वाढला की एकदम सरकतो, आणि पुन्हा चिकटतो. करकर व कुरकुर ह्यांतूनच उद्भवतात. हवामानाचा परिणाम ह्या वर्गावर ठळक दिसतो : पावसात थांबणारी व उन्हात परतणारी कुरकुर बहुधा रबरी बुशाची असते.

तिसरा वर्ग परिभ्रमणाचा. येथे आवाज चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरल्यास ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला चाकाचे सेकंदाला साडेपाच फेरे होतात. वेग दुप्पट झाला की फेरेही दुप्पट होतात. इंजिन बंद गिअरमध्ये न ठेवता, म्हणजे न्यूट्रलमध्ये, गाडी घरंगळू दिली आणि तरीही घरघर वेगाबरोबरच बदलत राहिली, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर अथवा टायरवर येतो. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणून उजव्या वळणावर वाढणारी घरघर डाव्या बेअरिंगकडे बोट दाखविते.

अवस्थांवरून अनुमान

वर्ग ठरल्यावर आवाज ज्या अवस्थेत येतो तिचा विचार करावा. एका वेळी एकच अवस्था बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे.

सपाट रस्त्यावर अगदी सावकाश जाताना ब्रेक लावला असता एकच ठोका पडतो, पुन्हा हलका ब्रेक लावल्यास पडत नाही, परंतु गाडी मागे घेऊन ब्रेक लावताच पुन्हा पडतो, असे आढळल्यास भुजांच्या आतील टोकांचे बुश तपासावेत. ब्रेकमुळे चाकावर मागे ढकलणारे बल येते व ढिलाई एका बाजूस सरकून तेथेच राहते. दिशा पालटली की ती दुसऱ्या बाजूस सरकते. ब्रेकचे पट्टेही असाच ठोका देऊ शकतात, हे विसरता कामा नये.

एकच चाक उंचवट्यावर गेल्यास खडखड होते, परंतु दोन्ही चाके गतिरोधकावरून एकाच वेळी गेल्यास ती होत नाही, अशा वेळी अँटी-रोल बारचा संशय बळावतो. दोन्ही चाके सारखी उचलली गेल्यास त्या बारला पीळ बसत नाही. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवितानाच करकर आली, तर ती बहुधा कोरड्या किंग पिनची असते.

शॉक-ॲब्सॉर्बरच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. गाडीचा कोपरा दाबून सोडावा. ती एकदा उसळून स्थिरावली की शॉक-ॲब्सॉर्बर निर्दोष समजावा, असे मानले जाते. वस्तुतः त्याचे बल गतीवर अवलंबून असते. हाताने दाबलेली गाडी सेकंदाला सुमारे एका आंदोलनाने हलते. ५ सेंटीमीटर आयामाला तिची महत्तम गती सेकंदाला सुमारे ०.३ मीटर येते. खडबडीत रस्त्यावर चाक स्वतः सेकंदाला दहाच्या आसपास आंदोलने करते. तेथे केवळ १ सेंटीमीटर आयामालाही महत्तम गती सेकंदाला ०.६ मीटरहून अधिक होते. हाताच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला शॉक-ॲब्सॉर्बर फरसबंदीवर खडखडू शकतो तो ह्याच कारणाने. त्याच्या टोकांची रबरे झिजली असतील, तर हातपरीक्षेत ती कधीकधी मुळीच लक्षात येत नाहीत.

उभ्या गाडीची तपासणी

अनुमानाची पडताळणी गाडी उभी करून करावयाची असते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली भक्कम घोडी लावल्याविना कोणीही शिरू नये. प्रथम सपाट जागी, टायरांतील हवा समान करून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजावी. एक बाजू स्पष्टपणे खाली असल्यास त्या बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा वेढा तुटला आहे काय, हे पाहावे.

त्यानंतर जॅक कोठे लावावयाचा हा महत्त्वाचा प्रश्न येतो. स्प्रिंग खालच्या भुजेवर टेकलेली असते अशा रचनेत जॅक कवचाखाली लावल्यास भुजा खाली लोंबते, परंतु स्प्रिंगचा दाब सांध्यांवर कायम राहतो व ढिलाई हाताला लागत नाही. जॅक खालच्या भुजेखाली, शक्य तितका चाकाजवळ लावला म्हणजे स्प्रिंगचा दाब जॅकवर जातो आणि बाहेरचे सांधे मोकळे होतात.

आता चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवल्यास ती बेअरिंगची की किंग पिनची, हे ठरविण्याची सोपी युक्ती अशी : दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. त्यामुळे चाक व स्टब ॲक्सल एकजीव होतात. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा. उरली तर ती किंग पिनची किंवा भुजेच्या सांध्यांची. चाक डावी-उजवीकडे धरून हलविले असता आढळणारी ढिलाई बहुधा टाय-रॉडची टोके अथवा स्टिअरिंगचे सांधे दर्शविते. रबरी बुशावरील संशय साबणाचे पाणी शिंपडून तपासता येतो. कुरकुर तात्पुरती थांबल्यास जागा सापडली. तेल मात्र वापरू नये, कारण नैसर्गिक रबर तेलाने फुगते व नासते.

मोठा आवाज आणि खरा धोका

आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. ठोका पडण्यास भार उलटावा लागतो. किंग पिनसारख्या सांध्यावर गाडीच्या वजनाचा दाब सतत एकाच बाजूने असतो. तेथे झीज झाली तरी पोकळी त्या दाबाने मिटलेली राहते. वर ग्रीस असल्यास उरलासुरला आघातही मऊ होतो. सांधा झिजत जातो, परंतु बोलत नाही. ह्याच्या उलट, अँटी-रोल बारच्या रबरावर सरळ रस्त्याने जाताना जवळजवळ भारच नसतो. तेथील थोडीशी ढिलाईही प्रत्येक हादऱ्याला वाजते. ज्या सांध्यावर भार अधिक तो गप्प राहतो, आणि ज्यावर भार कमी तो गोंगाट करतो, असा हा उलटा न्याय आहे.

परिणामांच्या दृष्टीने पाहता अँटी-रोल बारचे रबर झिजल्यास गाडी वळणावर थोडी अधिक कलते; टाय-रॉडचे टोक निखळल्यास चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही. म्हणून आवाजाचे कारण सापडून तो थांबला, एवढ्यावर तपासणी संपवू नये. किंग पिन, टाय-रॉडची टोके, भुजांचे सांधे व बेअरिंग ह्यांची हाताने परीक्षा, आवाज असो वा नसो, प्रत्येक वेळी झालीच पाहिजे.

दुरुस्तीतील दोन दक्षता

योग्य निदानानंतरही आवाज परत येतो, ह्याचे कारण कित्येकदा दुरुस्तीच्या रीतीत असते. आतील व बाहेरील धातूच्या नळ्यांना घट्ट चिकटविलेले रबरी बुश सरकत नाहीत. ते पीळ घेतात. त्यांचे बोल्ट भुजा लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो व ते अकाली फाटते. हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावयाचे असतात. दुसरी दक्षता ग्रीसची. वजनाखाली दबलेल्या किंग पिनमध्ये ग्रीस भरल्यास ते मोकळ्या बाजूने निघून जाते व दाबाखालील पृष्ठभाग कोरडाच राहतो. म्हणून चाक उचलून, ते दोन्ही बाजूंस वळवीत ग्रीस भरावे. सांधे बदलल्यानंतर चाकांची संरेखा तपासणे हेही आवश्यक आहे.

आवाज ही एक खूण आहे, निष्कर्ष नव्हे. खुणेपासून निष्कर्षापर्यंत पोचण्यासाठी रचनेचे ज्ञान, अवस्थांचा क्रमवार पालट आणि हाताने केलेली पडताळणी ही तिन्ही लागतात. आणि गाडी गप्प झाल्यानंतरही न वाजणाऱ्या सांध्यांची तपासणी शिल्लक राहतेच.