मर्ढेकरांच्या सोळा मात्रा

माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’ची सुधारलेली आवृत्ती १९३७ साली निघाली आणि मराठी छंदांचा इतका काटेकोर हिशेब अभ्यासकांच्या हाती आला, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या, तेव्हा जी हाकाटी उठली ती दुर्बोधतेची आणि अश्लीलतेची होती. संग्रहावर खटलाही गुदरला, आणि त्यातून कवी निर्दोष सुटला. या गदारोळात एका गोष्टीची दखल व्हावी तशी घेतली गेली नाही: ज्याला सारे बंडखोर म्हणत होते, तो छंदाच्या बाबतीत वडिलोपार्जित वतनावरच नांदत होता. कवी अनिलांनी मुक्तछंदाची वाट आधीच खुली केली असताना मर्ढेकरांनी आश्रय केला तो ओवी, अभंग आणि पादाकुलक यांचा.

पिपात मेलेल्या उंदरांवरची त्यांची कविता बोटांवर मोजून पाहावी. ओळ पादाकुलकाची, म्हणजे सोळा मात्रांची, आठ-आठांची दोन आवर्तने. मोजणीत बसावे म्हणून ‘उंदीर’सुद्धा ऱ्हस्व होऊन ‘उंदिर’ होतो. जगण्याची आणि मरण्याची सक्ती सांगणाऱ्या दोन लगतच्या ओळींत फरक आहे तो केवळ एका क्रियापदाचा. बाकीचे शब्द गझलेतील रदीफासारखे जसेच्या तसे परततात, आणि नवे अंत्ययमक शोधण्याचीही मुभा न उरल्यामुळे ती सक्ती अर्थाच्या आधी कानालाच कळते. पुढे एक ओळ नेमकी आठव्या मात्रेवर दुभंगते आणि तिचे दोन तुकडे दोन स्वतंत्र ओळी म्हणून उभे राहतात. डोळ्यांना श्वास अडखळल्याचा भास होतो, ताल मात्र तसूभरही ढळत नाही. मग येतो ‘बेकलायटी’ हा यंत्रयुगातला शब्द. तो आठ मात्रा पुरेपूर भरतो, आणि लगोलग दुसऱ्यांदा येऊन ओळ पुरी करतो.

‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची त्यांनी जी मांडणी केली, तिचा माझ्या मते सर्वांत सबळ दाखला हाच आहे. पाळण्यासारखी झुलणारी लय आणि तिच्यात घातलेले कुबट मरण यांच्या विरोधातून या कवितेचे सामर्थ्य उपजते. मुक्तछंदात ते साधले नसते. वाचकांनी ही कविता एकदा टाळीवर, मोठ्याने म्हणावी.