भाचीची आंतरवासिता आणि आमचे स्वेदन

आयुर्वेदीय व्यवसायबंधूंच्या त्रैमासिकात भौतिकोपचार केंद्रातील एका विद्यार्थिनीच्या आंतरवासितेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. लिहावयास बसताना तो माझ्याही मनात आला होता. परंतु त्या आंतरवासितेच्या निमित्ताने माझ्या स्वतःच्या चिकित्सालयातील दोन गोष्टी मला नव्याने दिसल्या. त्यांपैकी एक मी आजवर कोणासही सांगितलेली नव्हती. ती सांगणे वैद्यबंधूंच्या आणि औषधी दुकानदारांच्या उपयोगाचे आहे, असे वाटल्यावरून हा प्रपंच.

माझ्या बहिणीची मुलगी शिक्षणासाठी आमच्याकडे पंचवटीत राहात असे. घरात दोन पिढ्यांचा वैद्यकव्यवसाय असताना तिने भौतिकोपचाराची, म्हणजे लोकांच्या तोंडी रूढ असलेल्या फिजिओथेरपीची वाट धरली, याचे मला थोडे वैषम्य वाटले हे कबूल करतो. वस्तुतः नाशिककरांना या दोन शास्त्रांचे शेजार अपरिचित नाही. म्हसरूळ येथील, १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली दोन्ही विद्याशाखा नांदतात. मात्र छत्र एक असले तरी दोन्हीकडचे विद्यार्थी परस्परांच्या ओपीडीत पाऊल टाकत नाहीत. माझ्या भाचीने चार वर्षांत एकदाही पंचकर्माचा विभाग पाहिला नव्हता आणि मीही पंचवीस वर्षांच्या व्यवसायात एकाही भौतिकोपचार केंद्रात तासभर बसलो नव्हतो.

भौतिकोपचाराचा आपल्याकडील इतिहास तसा अलीकडचा. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणारी प्रशिक्षित माणसे हवी होती, म्हणून के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाची शाळा सुरू झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या व्याधीने हे शास्त्र येथे आणले तो गेला, पण त्याचे काम वाढतच राहिले. २०२१ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाची चौकटही मिळाली.

भाचीच्या तुकडीला चार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता होती. त्यातील बराच काळ रुग्णालयातील विभागांत गेला आणि शेवटचे काही आठवडे शहरातील एका खाजगी केंद्रात. तेथील बाईंना ती मॅडम म्हणत असे, मीही तसेच म्हणतो. रात्री जेवताना दिवसभराची हकीकत सांगण्याची तिला सवय होती. रुग्णांची नावे ती कधीही सांगत नसे.

पहिला आठवडा तिच्या तक्रारींत गेला. मॅडम रुग्णास हात लावू देत नाहीत, नुसते मोजायला सांगतात. गोनिओमीटर नावाचा कोनमापक घेऊन गुडघा किती अंश वाकतो, खांदा किती अंश उचलला जातो हे लिहायचे. स्नायूंची शक्ती शून्य ते पाच या श्रेणीत लिहायची. वेदना किती, हे रुग्णाकडूनच शून्य ते दहा या अंकांत वदवून घ्यायचे. उपचारापूर्वी एकदा आणि उपचारानंतर पुन्हा एकदा. ‘‘मामा, मी शिकले चार वर्षं आणि करते कारकुनी,’’ असे ती म्हणाली. मी हसलो. केसपेपरवर ‘उपशय’ एवढा एक शब्द लिहून पुढच्या रुग्णास हाक मारणाऱ्या माणसाने हसावयास नको होते.

तिसऱ्या आठवड्यात तिला स्वतंत्रपणे रुग्ण देण्यास सुरुवात झाली. टाच आणि घोटा दुखतो म्हणून आलेले एक गृहस्थ, वय साठीच्या आसपास, बारा वर्षांचा मधुमेह. भाचीने शेकाची पिशवी गरम पाण्याच्या टाकीतून काढली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि पायावर ठेवणार, इतक्यात मॅडमनी मागून विचारले, ‘‘नळ्या कुठे आहेत?’’

या नळ्या म्हणजे काचेच्या दोन साध्या परीक्षानळ्या. एकीत गार पाणी, दुसरीत सुमारे ४० ते ४५ अंशांचे कोमट पाणी. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कधी ही, कधी ती नळी त्वचेस लावायची आणि ‘ऊन की गार’ एवढेच विचारायचे. ज्या जागी शेक द्यायचा तेथे उत्तरे बरोबर आली तरच शेक द्यायचा. त्या गृहस्थांनी घोट्याच्या वर सर्व उत्तरे अचूक दिली. घोट्याच्या खाली मात्र ते प्रत्येक वेळी ‘ऊन’ म्हणाले, गार नळी लावली तरीही. पिशवी परत टाकीत गेली. भाची मोठी खजील झाली होती आणि जेवताना तेच तेच सांगत होती. माझा घास मात्र हातातच राहिला.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशाच वयाचे, असाच पाय घेऊन एक रुग्ण आले होते. पाय जड वाटतो, मुंग्या येतात, दुखतो. मी वाताची लक्षणे पाहिली, वालुका पोटलीने रूक्ष स्वेद सांगितला. माझ्या परिचारकाने नेहमीप्रमाणे पोटली आपल्या हातावर लावून पाहिली, रुग्णास ‘फार गरम नाही ना’ असे विचारले आणि रुग्णाने ‘अजून चालेल’ असे उत्तर दिले. त्यांनी खरेच सांगितले होते, कारण त्यांना उष्णता कळतच नव्हती. दुसऱ्या दिवशी तळव्यावर फोड आले. ती जखम भरून येण्यास अडीच महिने लागले, आणि मधल्या काळात एक वेळ अशी आली की शल्यचिकित्सकाने करंगळी काढावी लागेल असे सांगितले. करंगळी वाचली. त्या गृहस्थांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत आणि गोष्ट तेथेच पुरली.

ती पुरण्यासारखी नव्हती. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात तेरा प्रकारचे साग्नि स्वेद सांगितले आहेत. ते प्रकार आपणा सर्वांस पाठ असतात. त्याच अध्यायात कोणास स्वेद देऊ नये, त्यांची यादी आहे आणि त्या यादीत मधुमेही स्पष्ट शब्दांत आलेला आहे. मीही ती यादी परीक्षेत लिहून गुण मिळविले आहेत. पण चिकित्सालयात ती यादी ‘सर्वांगास तीव्र स्वेद नको’ अशा सोयीच्या अर्थाने बाजूला ठेवली जाते, कारण संधिवाताच्या आपल्या रुग्णांपैकी कितीतरी जण मधुमेही असतात आणि सर्वांनाच शेक हवा असतो. मधुमेहात पायाच्या नाड्या हळूहळू बधिर होत जातात. ज्याला वेदना आहे त्याला संवेदना असेलच असे नाही. हे मला ग्रंथाने सांगितले होते, माझ्या रुग्णाच्या फोडांनी सांगितले होते, तरी माझ्या टेबलावर नळ्या आल्या त्या भाचीच्या आंतरवासितेमुळे.

या परीक्षेस दोन मिनिटे लागतात. पक्षाघातात विकल बाजूस, कंबरेच्या नाडीवर दाब असल्यास पायास, कुष्ठ होऊन गेलेल्या रुग्णास आणि प्रत्येक मधुमेह्यास ती केल्याविना माझ्याकडे आता पोटली, नाडीस्वेद वा गरम तेल काहीच लावले जात नाही.

औषधी दुकानदार मित्रांसही यात एक विनंती आहे. गुडघा-टाच दुखते म्हणून आलेला ग्राहक महानारायण तेल वा विषगर्भ तेल मागतो आणि सोबत शेकाची पिशवी घेतो. काउंटरवर आपण नळ्या घेऊन बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण ‘साखर आहे का?’ आणि ‘चालताना चप्पल पायातून निसटली तर कळते का?’ हे दोन प्रश्न विचारता येतात. चप्पल निसटलेली न कळणाऱ्यास पिशवी विकू नये, तेल सौम्य हाताने लावण्यास सांगावे आणि वैद्याकडे पाठवावे. एका पिशवीचा नफा जाईल.

आता दुसरी गोष्ट. निफाडकडील एक द्राक्ष बागायतदार उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी दोन महिने माझ्याकडे येत होते. द्राक्षबागेतील काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा खांदा कसा दुखावतो ते सांगावयास नको. एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणी, मग घडांची विरळणी, सारे काम मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून. मी अवबाहुक असे निदान केले, अभ्यंग आणि पत्रपोटली चालू होती, पोटात गुग्गुळकल्प. ते प्रत्येक वेळी ‘बरं आहे’ म्हणत आणि मी ‘५० टक्के आराम’ लिहीत असे. एके दिवशी ते संकोचाने म्हणाले, ‘‘डॉक्टर, रागावू नका. तेल लावलं की दोन तास बरं वाटतं, पण हात काही वर जात नाही. पोरानं फिजिओथेरपीला नेलं होतं. तिथं एका मुलीनं हाताचं माप घेतलं.’’ त्यांनी खिशातून कागद काढला. अक्षर माझ्या भाचीचे होते. हात बाजूने वर ७५ अंश, बाहेरच्या बाजूस फिरणे १० अंश. निरोगी खांद्यात हे आकडे अनुक्रमे १८० आणि ९० असतात. माझे पन्नास टक्के त्या कागदावर कोठेही दिसेनात.

मी मॅडमना दूरध्वनी केला. बोलताना एक गमतीची अडचण आली. मी ‘वातकफाचा स्तंभ’ म्हणालो, त्या ‘कॅप्सूल आखडले आहे’ म्हणाल्या, आणि दोघेही थोडा वेळ परस्परांस शिकवीत राहिलो. शेवटी ठरले ते सोपे होते. सकाळी संवेदना तपासून माझ्याकडे अभ्यंग आणि मृदू स्वेद, त्यानंतर तासाभरात त्यांच्याकडे सांध्याची हालचाल, कप्पीवरचा दोर ओढणे, भिंतीवर बोटांनी चढणे. आणि घरी दिवसातून तीनदा टेबलावर वाकून हात लोलकासारखा सोडणे. फळछाटणीपर्यंत हात १३० अंशांपर्यंत गेला. जवळच्या ओळी त्यांनी स्वतः छाटल्या, उंचावरच्या काड्या मजुरांकडे सोपविल्या. यात तेलाचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि काळाचा किती, हे मी सांगू शकणार नाही. आखडलेला खांदा पुष्कळदा काळानेही सैल होतो. परंतु हात किती वर गेला हे मात्र सांगू शकतो, आणि पूर्वी तेवढेही सांगता येत नव्हते.

केंद्रातील सगळेच भाचीला पटले असे नाही. यंत्रे लावून रुग्णास पंधरा मिनिटे पडद्याआड एकटे सोडण्याची रीत तिला आवडली नाही. व्यायाम शिकविण्यास वेळ हवा तो यंत्र खाते, असे ती म्हणे. कटिशूलाच्या रुग्णास मलप्रवृत्ती कशी आहे हे तेथे कोणी विचारीत नाही, याचेही तिला आश्चर्य वाटले, कारण मामाच्या ओपीडीतील पहिला प्रश्न तोच असतो. एक प्रौढ रुग्ण कुंथताना कंबर भरते असे तिला आपणहून म्हणाले. तिने ते घरी येऊन मला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फॉर्मवर एक ओळ वाढविण्याची परवानगी मागितली. ती मिळाली.

हाताचे हाड मोडून प्लास्टर निघालेल्या रुग्णांस मॅडम प्रथम मऊ लगदा दाबावयास देतात, मग स्पंजचा चेंडू, मग कडक रबराचा. हे ऐकताच मी सुश्रुतसंहिता काढून तिच्यापुढे ठेवली. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, भग्नचिकित्सेत, तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर पाषाण, असा क्रम आहे. क्रमाक्रमाने भार वाढविण्याची पद्धत अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५च्या सुमारास मांडली, असे तिच्या पुस्तकात होते. मला वाटले, ती प्रभावित होईल. ती म्हणाली, ‘‘मामा, हे तुमच्याकडे कोणाला करायला देता?’’

मी कोणासही देत नव्हतो. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ हे वाक्य आपल्या संमेलनांत फार टाळ्या मिळविते. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, श्वास तोंडाने येऊ लागला आणि कपाळास घाम आला की थांबावे, इतकी नेमकी खूण देणारे शास्त्र आपल्या हाती आहे, तरी आपल्या चिकित्सालयातून निघणाऱ्या संधिरोग्याच्या हातात तेलाची बाटली असते आणि व्यायामाची ओळ नसते. मी आता कुंभारवाड्यातून मळलेली माती आणतो. कापडात बांधलेला गोळा, सैंधवाचा खडा आणि गोदेच्या पात्रातील एक गुळगुळीत गोटा ओपीडीत ठेवला आहे. भग्नाच्या रुग्णांचा भार कधी वाढवायचा, हे मात्र मॅडम ठरवितात. तो अधिकार माझा नाही, तिचे शिक्षण मी घेतलेले नाही.

आंतरवासिता संपल्यावर भाची नोकरीनिमित्त पुण्यास गेली. जाताना तिने स्वतःचा जुना गोनिओमीटर माझ्या टेबलावर ठेवला. सुटीत आली की ती माझे केसपेपर चाळते आणि एखाद्या रुग्णास पुन्हा मोजते. मी कोनमापकाचा मध्य खांद्याच्या बरोबर ठिकाणी धरीत नाही, असे तिचे म्हणणे आहे. गेल्या दिवाळीतही तिच्या आणि माझ्या मापात सात अंशांचा फरक आला.