पाणवनस्पतींच्या टाकीतील कर्बवायू कसा मोजावा?

शोभिवंत मासे आणि पाणवनस्पतींच्या काचेच्या टाक्या तयार करून विकणे हा थोड्या जागेत व थोड्या पाण्यात होणारा जोडधंदा आहे. पारनेर तालुक्यातील सुपा परिसर अवर्षणप्रवण असला तरी पुणे-अहिल्यानगर महामार्गावर असल्याने दोन्ही शहरांच्या बाजारपेठा जवळ पडतात. मात्र पाण्यातील कर्बवायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी पडल्यास वनस्पती खुरटतात व शेवाळ माजते. जास्त झाल्यास एका रात्रीत मासे मरतात. त्यामुळे अंदाजावर न राहता ते मोजावे.

प्रमाण किती असावे? सिलिंडरमधून वायू सोडत असल्यास दर लिटरला १५ ते ३० मिलिग्रॅम प्रमाण वनस्पतींना पुरेसे होते. त्यापुढे माशांना धोका संभवतो.

पद्धत १ : सामू व बायकार्बोनेटवरून

ठिबक सिंचनासाठी आपण पाणी तपासून घेतले असेल, तर अहवालात बायकार्बोनेटचा आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असतो. टाकीत तेच पाणी असल्यास हा आकडा वापरता येतो. त्याला ८.४ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे सामू ७ असताना दर लिटरमधील कर्बवायूचे मिलिग्रॅम. पुढे सामू ०.३ ने वाढला की वायू निम्मा आणि ०.३ ने घटला की दुप्पट धरावा. उदाहरणार्थ, बायकार्बोनेट ४ असल्यास :

सामू ६.७ – सुमारे ६७ मिलिग्रॅम
सामू ७.० – सुमारे ३४ मिलिग्रॅम
सामू ७.३ – सुमारे १७ मिलिग्रॅम
सामू ७.६ – सुमारे ८ मिलिग्रॅम

सामूतील थोडीशी चूकही उत्तर दुप्पट करते. म्हणून सामूमापक प्रमाणित द्रावणाने तपासूनच वापरावा. सामू उतरवण्यासाठी पाण्यात फॉस्फरिक आम्ल टाकले असेल किंवा टाकीत लाकडाचे ओंडके असतील, तर हे गणित वायू फसवा जास्त दाखवते.

पद्धत २ : रंगदर्शक कुपी

अशा वेळी ही पद्धत उपयोगी पडते. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा. त्यातील १०० मि.लि. द्रावण घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने एक लिटर करावे. या द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे काही थेंब टाकून ते लहान कुपीत भरावे. कुपी टाकीत अशी उपडी लावावी, की द्रावण व टाकीतील पाणी यांच्यामध्ये हवा राहील. कुपीत टाकीचे किंवा बोअरचे पाणी कधीही भरू नये. निळा रंग वायू कमी, हिरवा सुमारे ३० मिलिग्रॅम आणि पिवळा जास्त असे समजावे. रंग बदलण्यास दोनेक तास लागतात, हे ध्यानात ठेवावे.

केव्हा मोजावे?

वनस्पती दिवसा कर्बवायू घेतात. रात्री वनस्पती व मासे दोन्ही तो सोडतात. त्यामुळे पहाटे दिवा लावण्यापूर्वी तो सर्वांत जास्त साठण्याची शक्यता असते. पहिले काही दिवस पहाटे व सायंकाळी अशा दोन नोंदी वहीत कराव्यात. दिवा बंद करण्याच्या तासभर आधी सिलिंडर बंद करावा.

बोअरच्या पाण्याची दक्षता

जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात कर्बवायू बराच विरघळलेला असू शकतो व प्राणवायू कमी असतो. असे पाणी थेट टाकीत ओतू नये. उघड्या पिंपात हवेचा पंप लावून ते २४ तास ठेवावे. या काळात सामू वाढला, तर वायू निघून गेला असे समजावे.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागल्यास सिलिंडर ताबडतोब बंद करून हवेचा पंप सुरू करावा आणि मुरवलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदलावे. त्या वेळी ताजे बोअरचे पाणी ओतल्यास संकट वाढते. म्हणून मुरवलेल्या पाण्याचे एक पिंप नेहमी भरलेले ठेवावे.