पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण

वरून पाहिलं तर वेल्ड देखणा होता. सरळ रेघ, एकसारख्या लाटा, स्पॅटर जवळजवळ नाही. पोरगा मनातून खूश होता. क्वालिटीवाल्याने काही न बोलता तुकडा कटरला लावला, मधोमध आडवा कापला आणि कापलेली बाजू जाड्या एमरीपासून बारीक एमरीपर्यंत घासत नेली. मग त्यावर नायटलचे थेंब सोडले. नायटल म्हणजे स्पिरिटमध्ये मिसळलेलं नायट्रिक ॲसिड. काही सेकंदांत पोलादावर वितळून गोठलेल्या धातूची काळपट आकृती उमटली. वरच्या पत्र्याला तिने चांगलं धरलं होतं, खालच्या पत्र्यात मात्र ती जेमतेम टेकली होती. या जॉबला पातळ पत्र्याच्या जाडीच्या किमान 20 टक्के पेनिट्रेशन, म्हणजे वितळलेल्या धातूची आत गेलेली खोली, लागतं. मायक्रोस्कोपखाली ते भरलं नाही.

"हात पळतोय तुझा," क्वालिटीवाला म्हणाला. "परत मार."

तळवड्याकडून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या दिशेने निघालं की निघोजे लागतं. महिंद्राचा मोठा कारखाना याच शिवारात. फोक्सवॅगनच्या पत्त्यातही हे गाव येतं. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने सुट्या भागांची लहानमोठी वर्कशॉप्स उभी राहिली, आणि त्यांच्या आसऱ्याने खोल्या, मेस आणि मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरं. मी बसलो होतो ते असंच एक वर्कशॉप. सीटच्या फ्रेमला लागणारे ब्रॅकेट तिथे जोडतात. नवा मुलगा थेट लाइनवर जात नाही. आधी 'डोजो' नावाच्या खोलीत तुकड्यांवर हात बसवतो. वाहन उद्योगाने जपान्यांकडून जे काही उचललं, त्यात ही खोलीही आली.

मुलगा परभणीकडचा. आयटीआय वेल्डर, आता वर्षभराचा शिकाऊ उमेदवार. "आयटीआयत आर्कवर हात बसला, सर," तो म्हणाला. "सीओटू वेल्डिंगचं मशीन एकच होतं. नंबर यायला वेळ लागायचा." प्रमाणपत्र त्याने मोबाइलमध्ये दाखवलं. वेल्डर, उत्तीर्ण. कोणत्या मशीनवर किती तास काम केलं, तुकडा कापल्यावर आत काय निघालं, यातलं त्यावर काही नव्हतं.

सरकारी चौकट निष्काळजीपणे आखली आहे असं मात्र मुळीच नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम 1200 तासांचा, त्यातले 840 प्रात्यक्षिकाचे. शिवाय जवळच्या उद्योगात 150 तासांचं प्रत्यक्ष काम. पास व्हायला लेखी परीक्षेत 33 टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात मात्र 60 लागतात. कौशल्याच्या शिक्षणात वजन कुठे असायला हवं, हे ज्याने हे आकडे लिहिले त्याला नेमकं कळत होतं. गुण द्यायचे निकषही वाचनीय आहेत. अचूकता आणि नीटनेटकेपणा तर आलेच, पण मुलाला काम पुरं करताना किती मदत लागली हेही पाहायचं असतं. अधूनमधून लागली तर एक पट्टा, थोडीच लागली तर वरचा, जवळजवळ लागलीच नाही तर 90 च्या पुढे. भंगार किती कमी केलं आणि त्याची विल्हेवाट कशी लावली, हेसुद्धा लक्षात घ्यायला सांगितलं आहे.

या सगळ्याच्या डोक्यावर आणखी एक शिडी आहे. 27 डिसेंबर 2013 च्या अधिसूचनेने राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली. तेव्हा तिचे दहा स्तर होते, 2023 मध्ये ते आठ झाले. 1956 पासूनच्या एनसीव्हीटी या व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेची जागा एनसीव्हीईटी या नियामक परिषदेने घेतली. तिची अधिसूचना डिसेंबर 2018 ची आणि काम 2020 पासूनचं. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देणं, त्यांच्यावर नजर ठेवणं हे तिचं काम. शिडीच्या पायऱ्या वाचत गेलं तर कळतं, की वर चढताना ज्ञान वाढतं तशी देखरेख कमी होत जाते आणि स्वतःच्या कामाची जबाबदारी स्वतःवर येते.

निघोजेतल्या त्या वर्कशॉपच्या भिंतीवरही शिडी आहे, वेगळ्या रूपात. तिला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत कामं, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांत विभागलेलं वर्तुळ. काम माहीत आहे: पाव भरलेलं. कुणी शेजारी उभं राहिलं तर करतो: अर्धं. एकटा करतो: पाऊण. दुसऱ्याला शिकवतो: पूर्ण. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकात कामगाराची क्षमता ठरवून तिचा पुरावा ठेवावा लागतो, म्हणून हा तक्ता जवळपास सगळीकडे दिसतो. दिल्लीतल्या तज्ज्ञांनी आणि चाकणच्या सुपरवायझरने एकच मोजमाप शोधून काढलं आहे: शेजारी किती वेळ उभं राहावं लागतं? फरक एवढाच, की सुपरवायझर रोज खरंच शेजारी उभा असतो. वेल्ड कच्चा गेला तर रिजेक्शन त्याच्या डोक्यावर येतं, त्यामुळे उगाच दयाबुद्धी दाखवणं त्याला परवडत नाही.

तो संत आहे असंही कुणी समजू नये. महिनाअखेरीला डिस्पॅचचा दाब आला की अर्ध्याचं पाऊण पटकन होतं. ऑडिटच्या आधी वर्तुळं भराभर काळी होतात, हे ऑडिटरलाही ठाऊक असतं. कारखान्याची भूक चाकणच्या या पट्ट्याने जवळून पाहिली आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या 2013 च्या नियमांतून आलेली 'नीम' योजना आठवा. शिकता शिकता कमवा, असं तिचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात लाइनवर राबणारी कितीतरी पोरं कागदावर प्रशिक्षणार्थीच राहिली, हा कामगार संघटनांचा आक्षेप होता आणि मला तो रास्त वाटतो. पुढे ती योजना गुंडाळली गेली. म्हणून नियामक हवाच. शिकवणारा, राबवून घेणारा आणि पास करणारा एकच असेल तर पोराचं नुकसान ठरलेलं.

जर्मनीत शिकाऊ उमेदवाराची अंतिम परीक्षा व्यापार-उद्योग चेंबर घेतं. परीक्षकांच्या समितीत मालकांचे, कामगारांचे आणि व्यवसायशाळांच्या शिक्षकांचे प्रतिनिधी बसतात, आणि सही त्यांची असते. आपल्याकडे तिघांना एका टेबलाशी बसवणं अजून जमलेलं नाही. 2016 पासूनच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत आयटीआय आणि उद्योग एकत्र आले, पण कारखान्यात रोज पाहिलेलं सगळं प्रमाणपत्रावर उतरत नाही.

तोटा होतो तो वर्षाच्या शेवटी. शिकाऊ उमेदवाराला नोकरी द्यायचं बंधन कायद्याने मालकावर घातलेलं नाही. परभणीचा हा मुलगा बाहेर पडेल तेव्हा त्याच्या हातात राष्ट्रीय शिडीवरची एक पायरी असेल, देशभर चालणारी पण मोघम. त्याची पाऊण भरलेली वर्तुळं, कापून तपासलेल्या तुकड्यांचे अहवाल, कोणत्या जाडीच्या पत्र्यावर कोणत्या करंटला त्याचा हात स्थिर राहतो, हा तपशील कंपनीच्या फाइलीत राहील. पुढच्या गेटवर त्याला पुन्हा पहिल्यापासून तुकडे मारायला लावतील आणि पगारही नवख्याचाच देतील.

यासाठी नवी योजना लागणार नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचं कलम 19 मालकाला प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवायला सांगतंच. त्या नोंदीची सही-शिक्क्याची एक प्रत मुलगा निघताना त्याच्या हातात पडावी, एवढं एनसीव्हीईटीने ठरवून द्यावं. आणि तोवर चाकण पट्ट्यातल्या एचआरवाल्यांनी ती आपणहून द्यावी. झेरॉक्स मशीन प्रत्येक ऑफिसात आहे.