सखल अंगणातील सोनचाफा

श्रावण लागला की कल्याणच्या बाजारात सोनचाफ्याच्या पुड्या दिसू लागतात आणि शहाड परिसरातील अनेकांना आपल्या अंगणातही हे झाड असावे असे वाटू लागते. रोप आणले जाते, भर पावसात लावले जाते आणि दिवाळीपर्यंत पाने पिवळी पडून ते वाळून जाते. दोष खताला किंवा रोपवाटिकेला दिला जातो. खरे कारण बहुधा मुळांशी साचलेले पाणी हेच असते.

सोनचाफा हा सह्याद्रीच्या सदाहरित रानांतला, म्हणजे आपल्याच मातीतला वृक्ष. पूर्वी ‘मिशेलिया चंपका’ म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष आता वनस्पतिशास्त्रात ‘मॅग्नोलिया चंपका’ झाला आहे. घाटात पाऊस शहाडपेक्षा कितीतरी अधिक. परंतु तेथे पाणी उतारावरून निघून जाते. उल्हास नदीकाठच्या सखल वस्त्यांत माती चिकट. २६ जुलै २००५ सारखा महापूर यावा लागतो असे नाही. आठवडाभर साचलेले पाणीही कोवळ्या मुळांना कुजवण्यास पुरेसे असते.

अशा जमिनीत खोल खड्डा खणणे म्हणजे झाडासाठी हौद बांधणेच होय. त्याऐवजी दीड-दोन फूट उंच व चार-पाच फूट रुंद असा मातीचा उंचवटा करावा. त्यात लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडा विटांचा चुरा मिसळावा. पावसाळ्यातच झाडे लावावीत हा आपल्याकडचा संकेत येथे बाजूस ठेवावा, असे आमचे मत आहे. सप्टेंबरअखेर लागवड केल्यास पुढील पावसापूर्वी मुळे स्थिरावतात. मात्र उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावेच लागते.

बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुले येण्यास सात-आठ वर्षेही लागतात आणि तोवर फुले हाताच्या टप्प्याबाहेर गेलेली असतात. म्हणून घरासाठी कलमच घ्यावे. सिंधुदुर्गातून आलेली ‘वेलणकर’ या नावाची कलमे साधारण वर्ष-दोन वर्षांत फुलू लागतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहील असे पाहावे आणि सांध्याखालून येणारे फुटवे वेळीच काढावेत, अन्यथा खुंटच वाढतो व कलम मागे पडते. फूल पानाच्या बगलेत येते. त्यामुळे पावसाळ्यानंतर शेंडे हलके छाटल्यास नव्या फांद्या वाढतात व फुलेही. अंगण नसल्यास मोठ्या पिंपातही कलम तग धरते, पण तळाला भोके हवीतच.

भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर सोडावे. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. तेव्हा जागेचा विचार आधीच केलेला बरा.

पाने कुरतडलेली दिसली तर लगेच औषध फवारू नये. ‘टेल्ड जे’ या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या सोनचाफ्यावर पोसतात. झाड मोठे असेल तर चार पाने गेल्याने त्याचे काही बिघडत नाही. रोप लहान असेल तर अळ्या हाताने उचलून जवळच्या अशोकाच्या झाडावर सोडाव्यात, तीही पाने त्यांना चालतात.