गर्देवाड्याला एसटी लागली

१ जानेवारी २०२५ रोजी, नाताळच्या सुट्ट्या सरता सरता, अहेरीहून गर्देवाड्याला एसटीची बस सुरू झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्या दिवशी स्वतः एसटीत बसले. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटनही त्याच दौऱ्यात झाले. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली होती. तिथून गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्याच्या या कोपऱ्यापर्यंत पोचायला लाल गाडीला साडेशहात्तर वर्षे लागली.

बस येण्याचा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वांगेतुरीला नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलीस मदत केंद्र उभे राहिले, गर्देवाड्याला जानेवारी २०२४ मध्ये. आधी ‘पोमके’, मग रस्ता, मग बस. धानोरा तालुक्यातल्या काटेझरीला एप्रिल २०२५ मध्ये आणि भामरागड तालुक्यातल्या मरकणारला जुलै २०२५ मध्ये अशीच पहिली बस गेली, तीही पोलीस दलाच्या पुढाकाराने. बाकी महाराष्ट्रात गावाला गाडी हवी असली की सरपंच आगारप्रमुखाकडे अर्ज घेऊन जातो, आमदार नारळ फोडतो. इथे तो मान पोलिसांकडे गेला. कुणाला हे खटकेल. पण ज्या रस्त्यावर माओवाद्यांच्या सुरुंगाची भीती होती, त्यावर दुसरे कोण आधी चालणार होते?

नाताळात ब्राझील बसने पालथा घालणाऱ्या भटक्यांच्या हकिकती वाचताना मला हाच मुलूख आठवत राहतो. तिथेही लांबचा प्रवास म्हणजे बसचाच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्या देशाने महामार्गांवर पैसा ओतला आणि प्रवासी रेल्वे जवळजवळ सोडूनच दिली. १९७२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातून आडवा रस्ता खुला केला, त्याचे मोठे भाग आजही कच्चे आहेत आणि पावसात चिखलात रुततात. साव पावलोचे तिएते हे अवाढव्य बसस्थानक १९८२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पण ब्राझीलने रेल्वे सोडली. गडचिरोलीला ती मुळात मिळालीच नाही. चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या या जिल्ह्यात रेल्वे शिवते ती फक्त उत्तरेच्या टोकाला, वडशाला. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम चालू आहे. तेवढे झाले तरी दक्षिणेच्या अहेरी, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांना बसशिवाय गत्यंतर नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १० लाख ७२ हजार ९४२, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. एसटीचे सगळे दुखणे या आकड्यात आहे. भरलेली गाडी फायद्यात आणि रिकामी तोट्यात, हा हिशेब पुणे-नाशिकला चालतो. चाळीस किलोमीटर जंगलातून जाऊन दोन पाडे गाठणारी गाडी या हिशेबाने कधीच परवडणार नाही. ती चालवायची की नाही हा प्रश्न महामंडळाच्या ताळेबंदाचा नाही, सरकारच्या मनाचा आहे. गडचिरोली विभागाची आगारे तीनच: गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी. त्यातले ब्रह्मपुरी तर चंद्रपूर जिल्ह्यात. सगळ्या दक्षिणेचा भार एकट्या अहेरीवर.

सुट्टीत या भागात फिरायचे असेल तर चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला यावे. सुमारे ऐंशी किलोमीटर. वाटेत व्याहाडजवळ वैनगंगा ओलांडली की जिल्हा बदलतो. पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. चामोर्शीजवळ मार्कंड्याची देवळे आहेत, तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. आलापल्लीजवळचे सागाचे ‘वनवैभव’ २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही १९८८ पासूनची योजना आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढला की राज्यभर फिरता येते. लोक तो काढतात आणि कोकणात, अष्टविनायकाला जातात. सिरोंच्यापर्यंत कोण येतो? सिरोंचा प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ आहे. गोदावरीवर पूल होण्याआधी पलीकडच्या काळेश्वरला जायला नाव हाच आधार होता.

इथल्या एसटीत बसलात तर एक गोष्ट कानाला लगेच जाणवेल: मराठी मागे पडत जाते. मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती तिथे आहेत. एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी. वाहकाला या सगळ्यांतले निदान आकडे आणि गावांची नावे यावी लागतात. दिवाळीत गाडी भरते ती आश्रमशाळेच्या पोरांनी, प्रत्येकाजवळ पत्र्याची पेटी. फाट्यावर उतरून पुढे पाच-सात किलोमीटर पायी. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले. पण जिथे गाडीच नाही तिथे सवलत कशावर घेणार? तिथे काळीपिवळी, म्हणेल ते भाडे.

नाताळच्या आठवड्याला इथे वेगळाच रंग आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. २६ डिसेंबर हा बाबांचा जन्मदिवस. त्यामुळे सुट्टीत पुण्या-मुंबईच्या गाड्या वरोऱ्याचे आनंदवन, मग ताडोबा, मग हेमलकसा अशी फेरी करतात. आलापल्लीहून भामरागडची वाट त्यांना रम्य वाटते, आणि ती आहेच. बाबांचे चिरंजीव प्रकाश आणि सून मंदाकिनी आमटे हेमलकशाला राहायला गेले तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, नद्यांवर पूल नव्हते, पावसाळ्यात महिनोन्‌महिने संपर्क तुटायचा. उत्तरेला वडशाकडे याच दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम जोरात असतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. परतीच्या गाडीची चिंता कुणी करत नाही.

दक्षिणेचा डिसेंबर मात्र वर्षानुवर्षे निराळा गेला. २ ते ८ डिसेंबर हा माओवाद्यांचा ‘पीएलजीए सप्ताह’. रस्त्यावर झाडे आडवी, पत्रके टांगलेली. आतल्या फेऱ्या बंद, मुक्कामी गाडी तालुक्याला परत. मुक्कामी गाडी गेली की गावाची सकाळ जाते: दवाखाना, बाजार, कचेरी, कॉलेज सगळे दुपारवर ढकलले जाते. आता ती भीती ओसरली आहे. पण पर्लकोटेचा पूर ओसरलेला नाही. दर पावसाळ्यात पाणी पुलावर चढते आणि भामरागड तुटते. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीच्या संगमावर वसल्याची ही किंमत.

म्हणून पहिल्या बसच्या हारतुऱ्यांवर मी फार भुलत नाही. नवी फेरी टिकली की नाही हे तिच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर कळते. ती रोज सुटते का, वेळेवर येते का, संध्याकाळची परतीची गाडी आहे का, बिघडली तर बदली गाडी मिळते का, एवढेच विचारायचे असते. पहिल्या बसचा फोटो पहिल्या पानावर छापणाऱ्या माझ्या पत्रकार मित्रांना एकच विनंती आहे: यातली एखादी फेरी गुपचूप बंद झाली, तर ती बातमीही त्याच पानावर छापा.