मोटारीच्या तेलाची गाळणी : पुन्हां वापरावी कीं बदलावी ?

मोटारीचें तेल बदलण्याचा दिवस आला म्हणजे पुष्कळ गॅरेजांत एक लहानसा संवाद घडतो. काळें पडलेलें तेल खालच्या पसरट भांड्यांत निथळत असतें, नव्या तेलाचा डबा उघडलेला असतो, आणि मिस्त्री हात पुशीत विचारतो, "साहेब, फिल्टर अजून ठीक दिसतो. पुढच्या खेपेला बदलूं या का ?" मालक क्षणभर घोटाळतो. गाळणी बाहेरून खरोखरच जशीच्या तशी असते; तिला ना गंज, ना पोंचा. चांगली वस्तु टाकून देणें ज्या घरांत अपराध मानला जातो, त्या घरच्या माणसाला हा सल्ला चटकन् पटतो. तो पटावा कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं गाळणीच्या पत्र्याच्या आंत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. कारण तिच्या बाबतींत बाहेरचें रूप कांहींच सांगत नाहीं.

प्रथमतः तेलाचें काम ध्यानांत घेतलें पाहिजे. इंजिनांत धातूवर धातु घासूं न देणें हें तर त्याचें काम खरेंच; पण त्याखेरीज उष्णता वाहून नेणें आणि आंतला मळ उचलून आणणें हींहि कामें तेंच करतें. जळलेल्या इंधनाची काजळी, हवेबरोबर शिरलेली बारीक धूळ आणि धातूचा सूक्ष्म कीस हा सारा मळ तेलाबरोबर फिरत असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड भरतो. परंतु फिरता दांडा आणि त्याचें बेअरिंग यांच्यामधील तेलाचा पापुद्रा कित्येक ठिकाणीं अवघा कांहीं मायक्रॉनांचाच असतो. या पापुद्र्याहून पुष्कळ बारीक असलेला कण त्यांतून निमूटपणें वाहून जातो, आणि फार मोठा कण आंत शिरूंच शकत नाहीं. खरा घात करतो तो पापुद्र्याएवढा किंवा त्याहून थोडासाच मोठा कण. तो दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळीं ओरखडतो आणि त्या ओरखड्यांतून नवा कीस निर्माण करतो.

मोटारीच्या आरंभींच्या काळांत हा कीस अडविण्यास पंपाच्या तोंडाशीं बसविलेल्या जाळीपलीकडे कांहीं साधन नव्हतें. त्यामुळें तेल फारच लवकर लवकर बदलावें लागे. अमेरिकेंतील अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं १९२३ सालीं 'प्युरोलेटर' नांवाची गाळणी काढली. १९२४ च्या क्रायस्लर गाडींत तेलाची गाळणी कारखान्यांतूनच बसवून येऊं लागली, आणि पत्र्याच्या डब्यांत बंद केलेली, हातानें फिरवून बसविण्याची जी गाळणी आज सर्वत्र दिसते ती विक्स कंपनीनें १९५४ सालीं आणली.

जुन्या आणि नव्या पद्धतींत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. पहिल्या गाळण्यांतून तेलाचा थोडासाच भाग जात असे. बाकीचें तेल न गाळतांच इंजिनाला मिळे. पुढें सर्व तेल गाळूनच इंजिनाला द्यावें ही पद्धत रूढ झाली. वेगानें जाणाऱ्या गाडींत चेंबरमधील सगळें तेल मिनिटाला कित्येक वेळां गाळणींतून जातें. ही सुधारणा खरी; पण तिच्याबरोबर एक धोकाहि आला. वाटेंतली गाळणीच तुंबली तर इंजिन तेलावांचून क्षणांत जळून जाईल. यासाठीं यंत्रज्ञांनीं एक लहानशी झडप योजिली. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक ठराविक मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारणतः अर्धा ते दीड वातावरणाइतका, वाढला कीं ही झडप उघडते आणि तेल गाळणीला वळसा घालून सरळ इंजिनांत जातें. गाळलेल्या तेलापेक्षां न गाळलेलें तेल वाईट. पण तेल मुळींच नसण्यापेक्षां तें कितीतरी बरें, हा त्यामागचा हिशेब आहे.

जुनी गाळणी टिकवूं पाहणाऱ्यांचा युक्तिवाद येथें नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण त्यांत सत्याचा अंश आहे. ते म्हणतात कीं, थोडी वापरलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षां अधिक बारीक गाळते. हें खरें आहे. गाळणीच्या आंत राळेनें घट्ट केलेल्या कागदाच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या शेंकडों घड्या असतात. तंतूंमधील फटींत कण अडकूं लागले कीं त्या फटी अरुंद होतात, आणि पुढचे अधिक बारीक कणहि अडतात. स्वयंपाकघरांतील उदाहरण घ्यावयाचें तर चहाच्या गाळणीवर चोथ्याचा थर बसला म्हणजे खालीं येणारा चहा अधिक निवळ असतो. मात्र तो उतरतो फार हळू. कोणी त्यांत भराभर ओतूं लागला तर चहा कांठावरून वाहून चोथ्यासकट पेल्यांत पडतो. इंजिनांत ओतणारा हात म्हणजे पंप, आणि कांठावरून वाहणें म्हणजे ती झडप उघडणें. पंपाला थांबणें माहीत नाहीं.

यांतूनच या प्रश्नाचें मर्म हातीं येतें. मुदत संपलेली गाळणी वाईट गाळते असें नव्हे. ती वाट सोडून देते, आणि तें कोणाला कळूं देत नाहीं. झडप उघडल्यावर तेलाचा दाब पुरेसा राहतो. म्हणून चालकासमोरचा तांबडा दिवा लागत नाहीं, आवाज बदलत नाहीं, गाडीचा वेगहि कमी होत नाहीं. सकाळीं तेल थंड व घट्ट असतांना नव्या गाळणींतहि ही झडप थोडा वेळ उघडूं शकते. तुंबत आलेल्या गाळणींत ती अधिक वेळां आणि अधिक काळ उघडी राहते. तेवढा वेळ इंजिन जणूं १९२३ पूर्वींचें होतें. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीं दिसत नाहीं. तो कित्येक हजार किलोमीटरनंतर तेल खाणाऱ्या, धूर सोडणाऱ्या इंजिनाच्या रूपानें दिसतो, आणि तेव्हां त्या वांचविलेल्या गाळणीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

बारीक गाळण्यानें फरक तरी किती पडतो, असा प्रश्न यावर कोणी करील. जनरल मोटर्समधील संशोधनाचा जो निबंध अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत ४० मायक्रॉनच्या गाळणीशीं तुलना करतां ३० मायक्रॉनच्या गाळणीनें इंजिनाची झीज सुमारें निम्म्यानें आणि १५ मायक्रॉनच्या गाळणीनें सुमारें ७० टक्क्यांनीं कमी झालेली दाखविली आहे. मग वळसा घालून गेलेलें, मुळींच न गाळलेलें तेल काय करीत असेल याची कल्पना सहज येईल.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. तेल काळें झालें म्हणजे गाळणी निकामी झाली असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः काजळीचे कण मायक्रॉनाहूनहि लहान असल्यामुळें ते कोणत्याहि चांगल्या गाळणींतून पार होतात; तेलांतील औषधी द्रव्यें त्यांना एकत्र न होऊं देतां तरंगत ठेवतात. डीझेल गाडीचें नवें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें, तें यामुळेंच. तेव्हां रंगावरून गाळणीची परीक्षा होत नाहीं, आणि पत्र्यावरूनहि होत नाहीं.

मग कशावरून करावी ? उत्तर साधें आहे : गाडीच्या निर्मात्यानें दिलेल्या पुस्तिकेवरून. कांहीं निर्माते स्वतःच गाळणीची मुदत तेलाहून निराळी ठेवतात. होंडा कंपनीच्या अमेरिकेंत विकल्या गेलेल्या कित्येक गाड्यांत चालकापुढें 'ए' अक्षर आलें तर केवळ तेल बदलावयाचें आणि 'बी' आलें तर तेल व गाळणी दोन्हीं बदलावयाचीं, अशी योजना आहे. तेथें पहिल्या खेपेस गाळणी ठेवणें हा हलगर्जीपणा नसून हिशेब आहे, कारण ती गाळणी तेवढ्या मुदतीसाठींच निवडलेली असते. त्याचप्रमाणें, पुस्तिकेंत दहा हजार किलोमीटरची मुदत दिली असतां जो मालक पांच हजारांनाच हौसेनें तेल बदलतो, त्यानें एक खेप गाळणी जागेवरून न हलवितां तशीच ठेवली तर मोठें नुकसान नाहीं. तींत राहिलेलें जुनें तेल, म्हणजे लहान गाडींत सुमारें पाव लिटर, तीन-साडेतीन लिटर नव्या तेलांत मिसळेल एवढेंच. परंतु जेथें पुस्तिका दोन्हींची मुदत एकच सांगते, तेथें पूर्ण मुदत भरलेली गाळणी दुसऱ्या मुदतीसाठीं ठेवणें म्हणजे तिच्याकडून दुप्पट मळाची अपेक्षा करणें होय.

शहरवासीयांनीं तर आणखी एक गणित मांडून पाहावें. दहा हजार किलोमीटर अंतर ताशीं साठच्या सरासरीनें कापलें तर इंजिन सुमारें १६७ तास चालतें. तेंच अंतर पुण्यामुंबईच्या गर्दींत ताशीं वीसच्या सरासरीनें कापलें तर ५०० तास चालतें. मैलाचा दगड दोघांना सारखाच. गाळणीला मात्र तिप्पट काळ राबावें लागतें. याच कारणानें बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या रस्त्यांसाठीं व सततच्या थांबत-चालत प्रवासासाठीं कमी मुदत सांगितलेली असते, आणि तेवढेंच पान सहसा कोणी वाचत नाहीं.

राहिला प्रश्न गाळणी काढून, धुऊन पुन्हां बसविण्याचा. ही कल्पना मिस्त्र्यांना सुचली त्याला आधार आहे. शंभर सीसीच्या ज्या मोटारसायकली घरोघर पोंचल्या, त्यांतील कित्येकींत कागदी गाळणी नसते. तारेची जाळी असते, आणि फिरत्या भांड्यानें जड कण कडेला फेकण्याची योजना असते. तीं दोन्हीं धुऊन पुसून वापरणें हीच तेथें योग्य रीत. परंतु जाळीचा न्याय कागदाला लागूं पडत नाहीं. कण कागदावर बसलेले नसून कागदांत रुतलेले असतात. पेट्रोल ओतलें तर त्यांतील कांहीं सुटून नेमके स्वच्छ बाजूस येण्याची भीति असते; हवेचा झोत मारला तर घडी फाटते; आणि बंद डब्यांत काय झालें तें कोणाला दिसत नाहीं. शिवाय कडेचें रबर एकदां दबलें कीं पुन्हां तितकें घट्ट बसत नाहीं. आंतला जो रबरी पडदा रात्रीं तेल मागें ओघळूं देत नाहीं, तोहि उष्णतेनें ताठरतो. मग सकाळीं इंजिन सुरू होतांच पहिले कांहीं क्षण खडखड ऐकूं येते.

ज्या गाड्यांत गाळणीचें घर इंजिनाचाच भाग असतें व आंतला कागदी भाग तेवढा बदलतात, तेथें घर अर्थातच टिकवावयाचें असतें. मात्र झांकणाचें रबरी कडें नवें घालावें. डब्याची गाळणी बदलतांना जुनें रबर इंजिनाला चिकटून राहिलें नाहीं ना, हें मात्र बोट फिरवून पाहावें. एकावर एक दोन रबरें बसलीं तर सारें तेल रस्त्यावर सांडूं शकतें.

काटकसर हा गुण खराच, आणि टाकाऊपणाची चीड असणें हें चांगल्या घराचें लक्षण आहे. पण काटकसर कोठें करावी यालाहि तारतम्य लागतें. मुदतीपूर्वीं तेल न बदलणें ही खरी बचत. काढलेली गाळणी गरम असतांनाच उपडी करून बारा तास निथळूं देणें आणि तें तेल गटारांत न सोडतां वापरलेलें तेल गोळा करणाऱ्याच्या हवालीं करणें, ही त्याहून मोठी. भारतांत अशा तेलाची गणना २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यांत होते, तें उगीच नव्हे.

तेव्हां मिस्त्र्यानें हात पुशीत तो प्रश्न केला म्हणजे मालकानें गाळणीकडे पाहूं नये. गाडींतील पुस्तिका काढून तिचें पान पाहावें, आणि ही गाळणी किती किलोमीटर व किती महिने राबली तें विचारावें. मुदत शिल्लक असेल तर तिला हात लावूं नये. मुदत भरली असेल तर ती कितीहि नवी दिसो, तिला निरोप द्यावा.